कापायची खूण

“रण्या, तुझ्या मशीनवर कापायची खूण आलीय बग,” आत्या दाराबाहेरून म्हणाली.

मी मोरीत होतो. डोक्याला साबण, कानांत पाणी. “असू दे,” मी म्हणालो.

“सांगितलं. मी एकदाच सांगते.”

हे खरं होतं. आत्या कुठलीही गोष्ट एकदाच सांगायची. जेवण झालंय हे एकदा सांगायची. कुणी आलं नाही तर ताट झाकून ठेवायची आणि स्वतः जेवून घ्यायची. आतोबा एसटीत कंडक्टर होते. त्यांना तिनं तंबाखू सोडा म्हणून एकदा सांगितलं होतं. त्यांनी सोडली नाही. तिनं परत तो विषय काढला नाही, आणि ते गेले तेव्हाही काढला नाही.

मी ते वाक्य साबणासकट धुऊन टाकलं.

त्या वर्षी मी विट्याला आत्याकडे राहत होतो, आणि तेही ओवाळणी म्हणून. झालं असं, की इंजिनिअर होऊन मी तासगावला घरी बसलो होतो. म्हणजे वडिलांच्या मते बसलो होतो. माझ्या मते मी काम करत होतो. फक्त त्या कामाला पगार नव्हता, ऑफिस नव्हतं आणि ते कुणाला समजावून सांगता येत नव्हतं. वडिलांचं खतं-बियाणांचं दुकान. दिवाळी झाली की मी त्या दुकानात बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. भाऊबीजेला ते मला घेऊन आत्याकडे आले. तिनं ओवाळलं. वडिलांनी साडीची पिशवी पुढं केली. तिनं ती तशीच मागं सरकवली.

“दादा, यंदा साडी नको. हा दे.”

“कोण, रणधीर? ओवाळणीत?”

“वर्षभर. माझ्याकडं जागा हाय. काय करायचं ते करू दे त्याला.”

ताटात निरांजन जळत होतं. जळत्या निरांजनासमोर बहिणीला नाही म्हणणं वडिलांना जमलं नाही. त्यांनी अट तेवढी घातली. “पुढच्या भाऊबीजेला मी येईन. तोवर याचं नाव कुठंतरी छापून आलेलं दाखवायचं. नाहीतर दुकान.”

“दाखवंल,” आत्या म्हणाली.

मला कुणी काही विचारलं नाही. ओवाळणीला विचारायची पद्धत नाही.

माझं काम होतं लिनक्सच्या कर्नलमध्ये. हे वाक्य मी विट्यात एकदाच उच्चारलं, पण तेवढं पुरलं. कॉम्प्युटरच्या पोटात सगळ्यात आत जो प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. तो जगभरातली माणसं मिळून लिहितात. कुणीही सुधारणा पाठवावी. पसंत पडली तर ती पाठवणाऱ्याच्या नावासकट त्यात कायमची जाते. माझा भाग ट्रेसिंगचा होता, म्हणजे आत काय कधी घडलं त्याचा माग ठेवणाऱ्या कोडचा. हे मी आत्याला सविस्तर समजावलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. शेजारच्या पोळवहिनींनी विचारलं, की भाचा काय करतो, तेव्हा तिनं त्याचं सार सांगितलं.

“कर्नलकडं हाय. माग काढायच्या खात्यात.”

आठवडाभरात मी गल्लीतला लष्करी गुप्तहेर झालो. नाकारायला गेलो तर लोक समजूतदारपणे मान हलवायचे, गुप्तहेर नाकारणारच. पोळवहिनींच्या कुकरची शिट्टी हरवली तेव्हा मला सन्मानानं बोलावण्यात आलं. ती फ्रीजखाली सापडली. त्यानंतर माझ्या हुद्द्याबद्दल कुणालाही शंका उरली नाही.

मी पाठवलेलं काम तपासायला फिनलंडमध्ये यानिक नावाचा एक माणूस होता. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. फक्त मेलवर बोलणं. आत्यानं त्याचं नाव एकदा ऐकलं आणि माणिक केलं. मग माणिकराव. मग, सगळ्या गोष्टी जुळवून, कर्नल माणिकराव.

“कर्नल माणिकरावांचं काय आलं का?” ती विचारायची.

“आलं. नापसंत.”

“कडक माणूस दिसतोय.”

कडक होताच. वर्षभर मी पाठवलेलं एकही काम त्याला पटलं नाही. आणि त्या दिवशी, मी डोकं पुसत मोरीतून बाहेर आलो तेव्हा, मशीनवर एक वॉर्निंग येऊन पडली होती. माग ठेवणारं कोड ओरडत होतं, की घड्याळानं अशक्य उडी मारली, वेळेचा ताळमेळ गेला, आत काहीतरी भयंकर बिघडलंय. मी सगळं तपासलं. काहीही बिघडलेलं नव्हतं. वॉर्निंग बिनबुडाची होती. मला आनंद झाला. गणपती नुकतेच गेले होते, भाऊबीज जवळ येत होती, आणि खोटी वॉर्निंग काढून टाकणं हे अगदी आटोपशीर, नाव छापून येण्याजोगं काम होतं. ज्या ओळीतून ती ओरड यायची ती ओळ मी उडवली आणि यानिकला पाठवून दिली.

उत्तर आलं, “घंटा वाजते म्हणून घंटा कापायची नसते. का वाजते ते सांग.”

मग मी शोधायला लागलो. वॉर्निंग रोज सकाळी यायची आणि एकदाच यायची. ती लिहिलेलीच तशी होती: मशीन सुरू केल्यापासून एकदा ओरडायचं, मग कितीही झालं तरी गप्प. मी रोज सकाळी नवा कर्नल चढवून लॅपटॉप पुन्हा सुरू करायचो आणि त्याच्यासमोर टक लावून बसायचो. काही व्हायचं नाही. शेवटी कंटाळून अंघोळीला जायचो. परत येऊन बघावं तर वॉर्निंग आलेली.

मी यानिकला प्रामाणिकपणे कळवलं: वॉर्निंग मी अंघोळीला गेल्यावर येते.

त्यानं विचारलं, “गरम पाण्यानं की गार?”

तो चेष्टा करत होता की नाही हे मला आजही माहीत नाही. पण प्रश्न योग्य होता. गीझर लावला की घरातले दिवे मंद व्हायचे. विजेच्या दाबानं घड्याळ बिघडत असेल, असं धरून मी गार पाण्यानं अंघोळ करू लागलो. वॉर्निंग आली. मग गीझर लावून अंघोळ न करता मशीनसमोर बसलो. आली नाही. मग गीझरही नाही आणि अंघोळही नाही, असे काही दिवस काढले. अजिबात आली नाही. शास्त्रीयदृष्ट्या निष्कर्ष एकच निघत होता, की लिनक्सला मी स्वच्छ झालेलं खपत नाही.

दिवाळी अंगावर आली. वडिलांचा फोन आला. “गाडी घेऊन येतोय. सामान काय काय आहे?”

आत्यानं फोन माझ्या हातातून घेतला. “दादा, दाखवंल म्हणून मी सांगितलंय ना?” एवढं बोलून तिनं फोन ठेवला. मग माझ्याकडं बघून नाक आक्रसलं आणि मोरीकडं बोट दाखवलं. अंघोळीबद्दल तिनं आधीच एकदा सांगितलं होतं.

त्या दिवसांत तिच्याकडं ब्लाउजांचा ढीग पडला होता. आत्या घरी शिवणकाम करायची, आणि विट्यात तिच्या कटोरी ब्लाउजला नाव होतं. घरात टेबल एकच, जेवणाचं. त्यावर आम्ही जेवायचो, त्यावर मी काम करायचो आणि त्यावरच ती कापड कापायची. पण मी बसलेला असलो की ती तिथं फिरकायची नाही. मी तोवर याला निव्वळ प्रेम समजत होतो.

एका सकाळी मी असाच, बिनअंघोळीचा, मशीनसमोर बसलो होतो. पोळवहिनी ब्लाउजपीस घेऊन आल्या.

“वहिनी, आज मिळंल का हो? पाडव्याला घालायचंय.”

“आज कायबी कापलं न्हाय अजून,” आत्या म्हणाली. “हा उठत न्हाय.”

“मग खाली सतरंजीवर कापा की.”

“न्हाय. दिवसाचं पयलं कापड कर्नलनं सांगितल्यावरच कापते मी.”

पोळवहिनींनी माझ्याकडं आदरानं पाहिलं. मी आत्याकडं पाहिलं.

“आत्या, कर्नल काय सांगतो?”

“मी एकदा सांगितलंय.”

“कधी?”

“तू मोरीत होतास तवा.”

“मला ऐकू नाही आलं. परत सांग.”

“न्हाय.”

“आत्या, पाया पडतो.”

“आधी अंघोळ कर, मग पाया पड.”

“अहो, सांगा की वहिनी,” पोळवहिनी हळू आवाजात म्हणाल्या. “देशाचं काम हाय.”

आत्यानं थोडा विचार केला. “सांगत न्हाय,” ती म्हणाली. “दाखवते. दाखवायचं अजून झालेलं न्हाय.”

तिनं मला खांद्याला धरून उठवलं. मग दोन्ही हातांनी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं, पोथी मिटावी तसं, आणि तो कडेला सरकवला. ब्लाउजपीस पसरलं. सुरकुत्या तळहातानं काढल्या. त्यावर कागदाचा फरमा ठेवला, खडूनं कडेकडेनं रेघ मारली, बाहीसाठी मुंढ्याचा गोल काढला. कात्री उजव्या हाताशी ठेवली. आणि मग, एखाद्या वडीलधाऱ्याला विचारावं तसं, झाकण उघडलं.

काळ्या पडद्यावर वॉर्निंग आलेली होती.

“बग,” आत्या म्हणाली.

कर्नलची प्रत्येक वॉर्निंग एकाच प्रकारे सुरू होते. आधी तुटक रेघांची एक ओळ, त्या ओळीच्या मधोमध कंसात दोन इंग्रजी शब्द, मग पुन्हा तुटक रेघा. कुणाला ती वॉर्निंग दुसऱ्याकडं पाठवायची असेल तर कुठून उचलायची, हे कळावं म्हणून कुणीतरी कधीतरी ती ओळ घालून ठेवलेली आहे. मी ती इतक्या वेळा पाहिली होती, की तिच्यातले शब्द मला दिसेनासे झाले होते.

“कट हिअर,” आत्यानं वाचलं. “लग्नाआधी सांगलीला शिवणाच्या क्लासला जायची मी. तिथं बाईंकडं परदेशी कागदी फरमे होते. त्याच्यावर अशाच तुटक रेघा, आणि मधी लिवलेलं, कट हिअर. इंग्रजी तेवढंच शिकले मी.” तिनं कात्री उचलली. “झाकण मिटलं, कापड आखलं, उघडलं, की हे म्हणतं, काप. मग दिवसभर परत बोलत न्हाय. एकदाच सांगतं.” आणि आदरानं म्हणाली, “गुणाचं मशीन हाय.”

झाकण मिटलं तरी मशीन झोपू नये, अशी सोय मी स्वतःच करून ठेवली होती. त्यामुळं झाकणाचा विचारही माझ्या मनात आला नव्हता. पण लॅपटॉप जुना. झाकण मिटलं की त्याच्या आतली एक चिप, कर्नलला न सांगता, परस्पर डुलकी काढत होती. उघडलं की दचकून जागी होत होती. माग ठेवणारं कोड बिचारं आपलं मोजत बसलेलं. त्याला वाटायचं, घड्याळ उडालं. कुणी मधे झोपलं असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

“मग तू झाकण मिटतेस हे मला का नाही सांगितलंस?”

“न मिटता कापड मावतं व्हय टेबलावर?” आत्या म्हणाली आणि पोळवहिनींचं ब्लाउज कापायला घेतलं.

दुरुस्ती छोटीशी निघाली. ओरडण्याआधी दुसऱ्या एका घड्याळाला विचारून घ्यायचं, की बाबा, मधे कुणाला झोप लागली होती का. लागली असेल तर ओरडायचं नाही, खरोखर बिघडलं असेल तरच ओरडायचं. घंटा शाबूत राहिली. यानिकला पाठवताना वॉर्निंग कशी आणायची त्याची कृतीही लिहिली. झाकण मिटा. एक ब्लाउज आखा. झाकण उघडा. खोटं कशाला लिहायचं?

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. “माझ्याकडं असाच एक जुना लॅपटॉप आहे. ब्लाउजऐवजी उशीचा अभ्रा आखला. वॉर्निंग आली. तुझी दुरुस्ती घातल्यावर गेली. पण हे तू शोधलेलं दिसत नाही. ज्यानं शोधलं त्याचं नाव दुरुस्तीत घालायची आपली पद्धत आहे. ते घाल आणि पुन्हा पाठव. टोपणनाव नको. त्या माणसाला ज्या नावानं ओळखलं जावंसं वाटतं ते नाव.”

मी मेलचा मजकूर आत्याला मराठीत वाचून दाखवला. ती हूक लावत होती.

“म्हणजे माझं नाव?”

“हो. मंदाकिनी शिर्के घालतो.”

तिची सुई थांबली. “त्यांनी काय म्हटलंय? शेवटचं वाच.”

“ज्या नावानं ओळखलं जावंसं वाटतं ते.”

तिनं हातातला हूक कापडावर नीट बसवला. “दुसरं चालंल?”

“दुसरं कुठलं?”

“लग्नाच्या आधी मी इंदुमती होते.”

मला हे माहीत नव्हतं. घरात सगळे तिला मंदा म्हणायचे. वडीलसुद्धा.

“मग बदललं का?”

“सासरी आधीच एक इंदू होती.”

“जाऊ?”

“म्हैस.”

मी हसू आवरलं. ती हसत नव्हती, पण रागावलेलीही नव्हती. जे झालं ते सांगत होती.

“मग म्हशीचं बदलायचं.”

“कसं बदलणार? ती नावावर पान्हा सोडायची. दुसऱ्या नावानं हाक मारली तर थेंब न्हाय. मी काय, कुठल्याबी नावानं भाकरी करणारच.” तिनं दोरा तोडला. “ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नाव लिवलं. मान वर करायची रीत न्हवती. शेजारच्या बाईला हळूच इचारलं, काय लिवलंय गं? तवा कळलं, मी मंदाकिनी.”

“तुला काही वाटलं नाही?”

“सुरवातीला गोठ्यात सासूबाई हाक मारायच्या, इंदे, ये गं. मी चुलीवरनं उठून ओ द्यायची. समदी हसायची. मग मोडली सवय.” तिनं दुसरा हूक उचलला. “दादा पयल्या भाऊबीजेला आला, आणि अंगणातनं इंदे म्हणून हाक मारली. गोठ्यातली हंबरली. त्याला लाज वाटली. त्यानंतर त्यानंबी मंदाच म्हटलं.”

मी लॅपटॉपकडं वळलो. “आडनाव काय घालू? शिर्के?”

“इंदुमती शिर्के म्हणून तर कोण न्हवतंच कधी.”

“मग माहेरचं, मोहिते.”

“मोहिते.” मग तिला शंका आली. “आधार कार्डावर मंदाकिनी हाय. कर्नल माणिकराव मागतील का?”

“ते आधार मागत नाहीत.”

“आणि म्हैस?”

“म्हशीचं काय?”

“न्हाय, काय न्हाय,” आत्या म्हणाली. “ती कवाच गेली. घाल.”

मी घातलं आणि पाठवलं. यानिक गप्प झाला. वसुबारस गेली, लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. भाऊबीजेच्या सकाळी मी बॅग भरून दाराशी ठेवली.

“बॅग कशाला?” आत्यानं विचारलं.

“नाही आलं तर जावं लागेल ना.”

“दाखवंल म्हणून मी सांगितलंय.” ती पाट मांडत होती. पाटाभोवतीच्या रांगोळीची रेघ तुटक तुटक आली.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. वडील आत आले, साडीची पिशवी घेऊन. त्यांनी आधी बॅग पाहिली, मग मला.

“झालं वर्ष,” ते म्हणाले. फार काही आनंदानं म्हणाले नाहीत.

“दादा, बस. हात-पाय धू,” आत्या म्हणाली आणि आत गेली.

मी शेवटचं म्हणून लॅपटॉपचं झाकण उघडलं. वॉर्निंग आली नाही. मेल मात्र आली होती. एका शब्दाची: “घेतलं.”

मी दुरुस्तीचं पान पडद्यावर उघडून वडिलांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. “हे काय आहे?”

“माझं काम. ते आता त्यात गेलं. जगभर.”

“मी छापून म्हटलं होतं.”

“छापलेलं फाडता येतं, पपा. हे पुसता येत नाही.”

ते खाली खाली वाचत गेले. कोड त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. तळाशी नावं होती. माझ्या नावावर त्यांनी मान हलवली, बिलावरची सही ओळखावी तशी. मग बोट त्याच्या वरच्या ओळीवर गेलं. इंग्रजी अक्षरं ते एकेक लावत होते. इं. दु. म. ती. बोट तिथंच राहिलं.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“आत्यानं.”

“आपणहून?”

“विचारल्यावर.”

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा तीच ओळ वाचली. मग म्हणाले, “ती बॅग आत नेऊन ठेव.”

मी ठेवून आलो. ते पाटावर बसले होते. टोपी नीट केली, उपरणं मांडीवर घेतलं. आतून आत्याच्या बांगड्यांचा आवाज येत होता. ती वात लावत असावी.

वडिलांनी घसा साफ केला. “इंदे,” ते म्हणाले, “आण गं ताट.”

बांगड्यांचा आवाज थांबला.

आत्या दारात आली. हातात ताट, ताटात निरांजन, आणि ज्योत सरळ उभी.

“काय म्हणालास, दादा?”

“ताट आण म्हटलं.”

“त्याच्या आधी.”

“इंदे म्हटलं.”

“परत म्हण,” आत्या म्हणाली.